शाळेची वेळ : डॉन

अंबाजी मास्तर गेल्या भाद्रपदात वारले. वर्तमानपत्रात चौकट आली नाही, शोकसभा झाली नाही, आणि ज्या खात्यासाठी त्यांनी नऊ वर्षं हाडं झिजवली त्या खात्यातल्या एकाही माणसाने चुकचुक केली नाही. मला ही बातमी अलिबागच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईने दिली, तीही मी होऊन विचारलं म्हणून. म्हणून मग मीच लिहायला बसलो आहे. लिहिणाऱ्याची ओळख एवढीच की मी शाळातपासनीस होतो, लोक मला डिपोटी म्हणत, आणि अंबाजींची शाळा मी बंद केली. हे गुपित शेवटापर्यंत राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. सगळा थळ गाव ते जाणतो.

अंबाजी पोयनाडकडच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा. घरी भाताची खाचरं, पाच भाऊ, आणि शिकणारा हा एकटा. व्हर्नाक्युलर फायनल पास झाला, एक वर्ष ट्रेनिंग झालं, आणि १९२३ साली खात्याने त्यांना थळच्या कोळीवाड्यात नेमलं. बढती म्हणून नव्हे. त्या शाळेवर त्याआधी तीन मास्तर येऊन गेले होते आणि तिघांनीही वासाचं निमित्त करून बदली मागितली होती. अंबाजी दिसायला अगदीच सामान्य. लांब मान, खोल डोळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला एकच कोट. बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघत. असा माणूस वर्गात काय शिकवणार, असं मला पहिल्या भेटीत वाटलं होतं, आणि मी तसं शेऱ्यात लिहिलंही होतं.

शाळेच्या पटावर तेव्हा चाळीस नावं आणि बाकावर चार मुलं. कारण उघड होतं, पण खात्याला उघड गोष्टी दिसत नसतात. शाळा अकरा ते पाच. अकरा वाजता कोळ्याची पोरं बोंबील वाळत घालत असतात, जवळ्यातला कचरा निवडत असतात, बाजाराला गेलेल्या आईच्या तान्ह्याला कडेवर घेऊन फिरत असतात. अंबाजी दोन-तीन वर्षं घरोघर फिरले. मग वाड्याचा पाटील धर्माजी, हा मोठा भारदस्त म्हातारा, त्यांना म्हणाला, "मास्तर, अकराला पोरांचं हात कामाला लागल्यालं असतात. त्याच्या आदी न्या. कवा बी न्या, पन त्याच्या आदी."

हे एवढं साधं वाक्य ऐकायला आमच्या खात्याला पंचवीस वर्षं लागली होती. अंबाजींनी दुसऱ्या दिवसापासून शाळा उजाडायला भरवली.

आता माझा संबंध कुठे आला ते सांगतो. महिन्याच्या तक्त्यात एक रकाना असे, शाळेची वेळ. अंबाजींनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'उजाडता'. कारकुनाने तक्ता परत पाठवला, 'वेळ नमूद नाही'. पुढच्या महिन्यात त्यांनी लिहिलं, 'झुंजुमुंजु झाल्यावर'. पुन्हा परत. तिसऱ्या महिन्यात तो तक्ता माझ्या टेबलावर आला आणि त्या रकान्यात गोल, रेखीव इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता, Dawn. डॉन.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेला माणूस. इंग्रजीवर माझा हक्क आहे अशी माझी समजूत होती, आणि एका कोळीवाड्याच्या मास्तरने तो शब्द माझ्यावर उलटा फेकावा? मी लगेच मेमो झाडला. 'डॉन म्हणजे किती वाजता? खुलासा करावा.'

खुलासा आठ दिवसांनी आला. दोन पानांचा. तो कागद माझ्याजवळ नाही, खात्याच्या दप्तरात तो केव्हाच कुजला असेल, पण मजकूर मला जवळजवळ पाठ आहे. अंबाजींनी लिहिलं होतं की मराठीतला शब्द दोनदा परत आला, तेव्हा इंग्रजी शब्द तरी स्वीकारला जाईल असं वाटलं. एका पाद्र्याच्या सामानाच्या लिलावात घेतलेली जुनी डिक्शनरी होती, तीत पाहिलं. तीत या शब्दाला दिवसाचा पहिला उजेड असा एक अर्थ, कोणत्याही गोष्टीचा आरंभ असा दुसरा, आणि न समजलेलं हळूहळू समजू लागणं असा तिसरा अर्थ दिला आहे. पण वाजले किती, ते दिलेलं नाही. पुढे लिहिलं होतं, 'येथील लोकांत घड्याळ नाही. पहिलं कोंबडं आरवलं की होडीवर जाणारे उठतात. पहाट झाली की बायका चूल पेटवतात. झुंजुमुंजु झालं की समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते कळत नाही. फटफटलं की तोंड ओळखू येतं. आणि उजाडलं असं येथे तेव्हा म्हणतात, जेव्हा पाटीवरचं अक्षर दिव्याशिवाय वाचता येतं. शाळेला तेल मंजूर नाही. म्हणून शाळा त्या वेळी भरते. इंग्रजीत यांपैकी कशाला डॉन म्हणतात याचा उलगडा मेहेरबानांनी करावा.'

मेहेरबानांना उलगडा करता येईना. मी माझी मोठी डिक्शनरी काढली. उषःकाल, अरुणोदय, प्रभात. एकाहून एक भारी शब्द, आणि त्यांतल्या एकाही वेळी मी आयुष्यात कधी जागा नव्हतो. कॉलेजात आम्ही या शब्दावर निबंध लिहिले होते. संस्कृतीचा डॉन, विचाराचा डॉन. पण पाटीवरचं अक्षर दिसतं तो डॉन, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला राग आला होता आणि थोडी लाजही वाटली होती. दोन्ही मिळून मी एका मंगळवारी, न कळवता, अंधारात टांगा जोडून थळला गेलो.

शाळा म्हणजे धर्माजीच्या जाळी ठेवायच्या पडवीचा अर्धा भाग. एका बाजूला जाळ्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला पोरं. मी दारात उभा राहून मोजली. अडतीस. त्यांत तेरा मुली. अजून पुरतं दिसत नव्हतं म्हणून सगळी पोरं तोंडी पाढे म्हणत होती. मग उजेड वाढला, अंबाजींनी स्वतःची पाटी वर धरून पाहिली आणि म्हणाले, "हं, दिसतंय. काढा." अडतीस पाट्या एकदम बाहेर आल्या. मास्तर पायांकडे बघत नव्हते. त्यांची लांब मान ताठ होती आणि आवाज पार समुद्रापर्यंत जात होता. मी तपासायला म्हणून गेलो आणि दिवस चांगला हातभर वर येईपर्यंत बसून राहिलो.

परत आल्यावर मी काय केलं? नियमाप्रमाणे 'डॉन' खोडलं आणि माझ्या हाताने '११ ते ५' लिहिलं. पुढची पाच वर्षं दर महिन्याला लिहीत राहिलो. अंबाजी दर महिन्याला डॉन लिहायचे, मी खोडायचो. आमच्यात यावर कधी शब्द झाला नाही. मला वाटे, मी त्यांच्यावर उपकार करतो आहे. नोकरीत माणसाला असे उपकार करायला फार आवडतं, कारण त्यांना दमडीचा खर्च येत नाही.

त्या पाच वर्षांत मी तीन-चारदा थळला गेलो असेन. मास्तरांच्या घरी चहा होई. त्यांची बायको मनुबाई फार बोलत नसे, पण कपबशी माझ्यासाठी वेगळी घासून ठेवलेली असे आणि ती तसं मुद्दाम सांगे. त्यांना मूलबाळ नव्हतं. १९३० साली सगळ्या वर्तमानपत्रांत नवयुगाची पहाट झाली होती. ज्याला त्याला लेखणी उचलली की पहाट दिसत होती. मी मोठ्या उत्साहाने असा एक अग्रलेख अंबाजींना वाचून दाखवला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "रावसाहेब, हे लिहिणारे उशिरा उठत असतील. पहाटेला काहीच दिसत नाही. पहाट म्हणजे अंधारच." मी हसलो. पुढच्याच वर्षी ते किती खरं होतं ते कळलं.

१९३१ साली मंदी आली आणि खात्याला काटकसरीचा झटका आला. हुकूम निघाला की ज्या शाळा मंजूर वेळेत रिकाम्या सापडतील त्या बंद कराव्यात. तपासणी अचानक करावी, आगाऊ सूचना देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. तपासनिसांच्याही जागा कमी होणार होत्या, आणि कोणाच्या ते वर्षअखेरीला ठरणार होतं.

थळची शाळा मंजूर वेळेत रिकामी सापडणार हे मला माहीत होतं. मी वरिष्ठांना भेटलो, खरं काय ते सांगितलं, पाच वर्षांची खाडाखोड सोडून. ते म्हणाले, "डॉन नावाची वेळ नियमावलीत नाही." मी हट्ट धरला. तेव्हा कंटाळून म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही तुमच्या त्या डॉनला अचानक जा. पट भरलेला दिसला तर तसा रिपोर्ट द्या, मी ती वेळ मंजूर करून घेतो. नाही दिसला तर विषय संपला."

याहून सोपी परीक्षा असूच शकत नव्हती. मी न कळवता गेलो असतो, तर पोरं रोजच्यासारखी बसलेली असती. पण मला राहवलं नाही. एवढी मोठी गोष्ट, पोरांनी अंघोळी केलेल्या असाव्यात, पाठ तयार असावा, कोणी गैरहजर नसावं! मी अंबाजींना खाजगी पत्र लिहिलं. 'त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडायला येतो. एकही मूल कमी नको. शाळा टिकते की जाते ते त्या दिवशी ठरेल.' पत्र टाकून मी घरी आलो तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

त्या दिवशी मी चारला उठून निघालो. शाळेपुढे मनुबाईने रांगोळी घातली होती. आत एकेचाळीस पाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. फळ्यावर तारीख आणि सुस्वागतम्. अंबाजी कोट घालून दारात उभे होते. पोरं नव्हती.

"येतील, रावसाहेब," ते म्हणाले. "रोज माझ्या आधी असतात."

झुंजुमुंजु झालं. फटफटलं. मी एक पाटी उचलून डोळ्यांसमोर धरली. अक्षर स्वच्छ दिसत होतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि मनुबाईला वाड्यात पिटाळलं. ती बऱ्याच वेळाने परत आली, धापा टाकत, आणि नवऱ्याच्या कानात काही बोलली. अंबाजींचा चेहरा उतरला. असा चेहरा मी फक्त दवाखान्याच्या दारात पाहिला आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"येतील, रावसाहेब."

"आहेत कुठे?"

"येतीलच आता."

"मास्तर, मला कारण सांगा. कारण असेल तर लिहिता येईल."

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. "येतील," एवढंच तिसऱ्यांदा म्हणाले. मी साडेआठपर्यंत थांबलो. दहाला मला अलिबागेत हजर व्हायचं होतं. मी संतापलो होतो. मी या माणसासाठी नोकरी पणाला लावली आणि हा मला कारणही सांगत नाही! टांग्यात बसताना मी त्यांना बरंच काही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथलं काम उरकून घरी आलो आणि रिपोर्ट लिहिला. 'शाळेस डॉनच्या वेळी अचानक भेट दिली. एकही विद्यार्थी उपस्थित नव्हता.' टपाल चारला निघायचं.

दुपारी एकच्या सुमाराला आमच्या आळीत गलका झाला. मी ओटीवर आलो. समोर धर्माजी, त्याच्या डोक्यावर टोपली, मागे अंबाजी काखेत हजेरीपट घेऊन, आणि त्यांच्यामागे धुळीने भरलेली पोरं. अडीच कोस उन्हात चालत आली होती. अंगावर नवे कपडे, केसांना तेल, आणि प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला पापलेटांचा जोड.

धर्माजीने टोपली माझ्या पायरीवर ठेवली. "सायेब, मास्तरांचा काय बी दोस न्हाय. आमी त्यांना सांगितलाच नवता. डिपोटीसायेब आमच्या वाड्यात, आमच्या वेलेला येतो, आनि पोरां रिकाम्या हातानं समोर बसवू? रात्री होऱ्या धाडल्या. मासली मिलाली. पन पुनवेचं पानी, पहाटे सुकून पार लांब गेला. होऱ्या चिखलात अडकल्या. पोरां किनाऱ्याला हुबी. पानी चडलं तवा नव वाजलं."

कोणीही कोळी पोर सांगू शकलं असतं की पौर्णिमेच्या आगेमागे उजाडायला ओहोटी असते. दिवस मी निवडला होता, पंचांग बघून, चांदण्यात टांगा नीट चालेल म्हणून. आणि या लोकांनी माझ्या पत्राचा मान राखायला पोरांना शाळेऐवजी चिखलाच्या काठावर उभं केलं, ज्याने जन्मात मासा तोंडाला लावला नाही अशा माणसासाठी.

"मास्तर, तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कसं सांगणार, रावसाहेब? तपासनिसाला भेट म्हणून काही देणं गुन्हा आहे असं नियमांत आहे. मी बोललो असतो तर तुम्हाला ते लिहावं लागलं असतं. सगळ्या वाड्यावर बालंट आलं असतं." मग ते अडखळत म्हणाले, "पोरं आणलीत. एकतीस आहेत, बाकीची लहान आहेत, चालवली नाहीत. इथंच हजेरी घेतो. तुम्ही बघा."

माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी हजेरीपट उघडला. आळीतल्या धुळीत पोरं ओळीने बसली. अंबाजी नाव घेत, पोर उठून 'हजर' म्हणे. शेजारच्या ओट्या भरल्या. कोणी नाकाला पदर लावला, कोणी मला हाक मारून विचारलं की हे सोवळ्याच्या आळीत काय मांडलं आहे. एकतीस वेळा 'हजर' झालं. राही नावाच्या एका अकरा वर्षांच्या मुलीने न सांगता पुस्तक काढलं आणि मोठ्याने धडा वाचायला घेतला. त्या वर्षी ती चौथीला बसणार होती. एक अडखळ नाही. तिच्या दुसऱ्या हातात तो पापलेटांचा जोड तसाच होता.

मला सगळं कळलं. रिपोर्ट आत टेबलावर होता, पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. फाडून दुसरा लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. पण दुसऱ्या रिपोर्टात लिहिणार काय? पोरं का नव्हती? तर मला द्यायला मासे आणायला थांबली. ती का थांबली? तर त्यांना मी येणार हे माहीत होतं. कसं माहीत होतं? तिथे माझं पत्र बाहेर आलं असतं, आणि वर्षअखेरीला कोणाची जागा जाणार हे ठरायला वेळ लागला नसता. मी आपल्याशीच म्हणालो, रिपोर्टात एक अक्षर खोटं नाही. खरोखरच नव्हतं.

मी अंबाजींना म्हणालो, "हे घेऊन जा. आळीत नको." आणि आत गेलो. चारच्या टपालाने पाकीट गेलं.

जानेवारीत शाळा बंद झाली. धर्माजीने अंगठा उठवून अर्ज केला, म्हणून फेब्रुवारीत चौकशी झाली. चौकशीचे कागद माझ्याकडेच सहीला आले. त्यात अंबाजींना एक प्रश्न विचारला होता, 'तपासणीची आगाऊ सूचना तुम्हाला होती काय?' माझं पत्र त्यांच्याजवळ होतं. ते दाखवलं असतं तर तपासणीच रद्द ठरली असती, पुन्हा तपासणी झाली असती, शाळा बहुधा वाचली असती आणि मी गेलो असतो. त्यांचं उत्तर लिहिलेलं होतं, 'नाही.' मी त्या पानावर सही केली.

अंबाजींची बदली घाटाच्या पायथ्याच्या एका गावी झाली. ते गेले नाहीत. नोकरी सुटली. त्यांनी धर्माजीच्या पडवीत बिनपगारी शाळा चालवायचा प्रयत्न केला, पण सरकारी दाखला नाही त्या शाळेत पोर कशाला घालवायचं, असं लोकांना वाटू लागलं, आणि तेही चूक नव्हतं. राहीला चौथीला बसता आलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. पोरांची संख्या वीसवर आली, मग सातवर. धर्माजी वारला, त्याच्या मुलांनी पडवी जाळ्यांना परत घेतली. शेवटी अंबाजी थळच्या एका वाडीत रहाटावर राहिले. नारळी-पोफळींना पाणी द्यायचं, बैल हाकायचा. शिंपणं पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत उरकायचं असतं. शाळेची वेळ होती तीच.

माझी जागा राहिली. पूर्ण पेन्शन घेऊन मी १९३५ साली निवृत्त झालो.

पुढच्या वर्षी एका स्नेह्याच्या वाडीत पाहुणा म्हणून थळला मुक्कामाला होतो. सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो तर रहाट कुरकुरत होता आणि बैलामागे अंबाजी चालत होते. नुसती लंगोटी, छातीचा पिंजरा झालेला, खोकत होते. मी पाच वर्षं मनात ठरवत आलो होतो की हा माणूस भेटला तर त्याला सगळं सांगायचं. पाकीट उघडं होतं, वेळ होता, मी भ्यालो, आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास हे मला माहीत आहे, असं सगळं. मी दोन पावलं पुढे झालो.

त्यांनी मला ओळखलं. बैल थांबवला. घाईने पंचा अंगावर घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले, नजर माझ्या पायांवर.

"रावसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी चारला उठून आलात. दुसऱ्या कुठल्या साहेबानं हे केलं नसतं. आणि मी तुम्हाला रिकामी शाळा दाखवली. गावात काय शिजतंय ते मास्तरला कळू नये? चूक माझी होती. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही इतकी वर्षं. पोटात घाला एवढं."

माझे स्नेही मागे दारात येऊन उभे होते. मी घसा खाकरला.

"असू द्या, मास्तर," मी म्हणालो. "माणसाच्या हातून चुका होतात. मी ते केव्हाच विसरलो."

अंबाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.